ट्रॅकवरचा नवखा : दुचाकी शर्यतीची वाट कोठून सुरू होते?

चेन्नई : पहाटेच्या वेळी चेन्नईहून बंगळूरुच्या दिशेने महामार्गाने निघाले की साधारण चाळीस किलोमीटरवर इरुंगाट्टुकोट्टै हे गाव लागते. येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर ज्या शनिवार-रविवारी राष्ट्रीय दुचाकी शर्यती असतात, त्या दिवशी पॅडॉकच्या आवारात दोन तऱ्हेची माणसे दिसतात. एकीकडे कंपन्यांच्या तंबूंत एकाच रंगाच्या, एकाच बनावटीच्या मोटारसायकली ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती गणवेशातील तंत्रज्ञांची लगबग चाललेली असते. दुसरीकडे टेम्पोतून आणलेली स्वतःची मोटारसायकल, एक पंप, पान्यांची पेटी, मदतीला आलेला एखादा मित्र आणि गावाकडचा मिस्त्री एवढ्या सामग्रीवर उतरलेले स्पर्धक असतात. भारतातील हौशी दुचाकी शर्यतीत नवख्याचा प्रवेश कसा होतो, हा प्रश्न या दोन गटांमधील अंतराशी थेट निगडित आहे.

आपल्या देशात दुचाकीची हौस कमी आहे, असे कोणी म्हणणार नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशांतर्गत बाजारात सुमारे एक कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. एवढी मोठी दुचाकी बाजारपेठ जगात दुसरीकडे क्वचितच असेल. तथापि एवढ्या वाहनांच्या देशात पूर्ण लांबीचे, शर्यतीस योग्य असे डांबरी ट्रॅक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. इरुंगाट्टुकोट्टैचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयम येथील कारी मोटर स्पीडवे, त्याच शहराच्या परिसरात अलीकडे उभा राहिलेला ३.८ किलोमीटरचा ‘कोआस्ट’ आणि ग्रेटर नोएडातील ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ही यादी येथेच जवळजवळ संपते. त्यातील बुद्ध सर्किट २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी अशा जागतिक स्पर्धांसाठी गाजले. पण त्याचे भाडे आणि त्याची भव्यता पाहता नवख्या स्पर्धकाच्या दृष्टीने ते दूरचेच ठिकाण ठरते. व्यवहारात भारतातील हौशी सर्किट शर्यत म्हणजे तमिळनाडू, असे समीकरण आज आहे.

हे समीकरण योगायोगाने जुळलेले नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ ची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील षोळवरमच्या विमानतळाच्या धावपट्टीवर हा क्लब अनेक दशके शर्यती भरवीत असे. पुढे स्वतःची जमीन घेऊन त्याने कायमचा ट्रॅक बांधला. होसूरला टीव्हीएस, चेन्नईत रॉयल एनफील्ड आणि टायर बनविणारी एमआरएफ असे उद्योग अवतीभोवती असल्यामुळे यंत्रे, टायर, पैसा आणि कुशल हात एकाच परिघात मिळाले. मुंबईतही एकेकाळी जुहूच्या विमानतळावर शर्यती होत. पण शहराने ती जागा गिळली आणि मागे उरल्या त्या केवळ आठवणी. ज्या गावाने धावपट्टी सुटण्यापूर्वी दुसरी जागा पाहून ठेवली, त्या गावात हा खेळ टिकला.

यातील विसंगती मराठी वाचकाच्या ध्यानात चटकन येईल. पुण्याजवळच्या चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम आरसी ३९० ही मोटारसायकल देशातील शर्यतींत हमखास दिसते. परंतु ती ज्या गावात बनते तेथील तरुणाला ती पूर्ण लांबीच्या ट्रॅकवर चालवायची असेल, तर हजार-बाराशे किलोमीटर दक्षिणेला जावे लागते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर येथील इच्छुकाचा पहिला खर्च प्रवेश शुल्काचाही नसतो. तो टेम्पोच्या भाड्याचा, रेल्वेच्या तिकिटाचा आणि कामावरून घ्याव्या लागणाऱ्या रजेचा असतो.

निवड की प्रवेश?

नवख्यासमोर आज ढोबळमानाने दोन दारे आहेत. पहिले दार कंपन्यांच्या ‘वन मेक’ मालिकांचे. यात सर्व स्पर्धकांना एकाच बनावटीची, सारख्या क्षमतेची मोटारसायकल आयोजक कंपनीच देते. तिची देखभाल, टायर, दुरुस्ती हेही बहुतांशी कंपनीकडेच असते. टीव्हीएसने अशी मालिका १९९४ मध्ये सुरू केली. तिच्यात नवख्यांसाठी स्वतंत्र गट आहे आणि २०१६ पासून महिलांसाठीही वेगळा गट आहे. होंडाच्या टॅलेंट कप मालिकेचा भर किशोरवयीन मुलांना हेरून आशियाई स्पर्धांपर्यंत नेण्यावर आहे. रॉयल एनफील्डने २०२१ मध्ये ६५० सीसीच्या कॉन्टिनेंटल जीटीवर आधारित चषक स्पर्धा सुरू केली. या मोटारसायकलीची ठेवण जुन्या धाटणीची असल्याने तिच्याकडे वयाने थोडे प्रौढ हौशी स्वारही आकर्षित झाले. केटीएमची आरसी कप स्पर्धा २०२३ मध्ये आली. वेगवेगळ्या शहरांतील छोट्या कार्टिंग ट्रॅकवर निवड फेऱ्या घेऊन त्यातून अंतिम फेरीसाठी स्वार निवडण्याची तिची पद्धत होती. ज्या गावात मोठा ट्रॅक नाही तेथील मुलालाही निदान एकदा घड्याळासमोर उभे राहता आले, हे तिचे महत्त्वाचे योगदान मानावे लागेल.

या मालिकांचा फायदा उघड आहे. ज्याच्याकडे शर्यतीची मोटारसायकल नाही, गॅरेज नाही आणि मिस्त्रीही नाही, असा माणूस केवळ पोशाख आणि प्रवेश शुल्क एवढ्यावर स्टार्ट रेषेवर उभा राहू शकतो. मोटारसायकली सारख्याच असल्यामुळे हरण्याचे खापर यंत्रावर फोडता येत नाही आणि जिंकण्याचे श्रेयही स्वाराचेच राहते. पण ही दारे उघडतात ती निवड चाचणीतून. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या फेऱ्यांत जो वेगवान ठरेल तो आत आणि उरलेले बाहेर. जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ, अशा स्थितीत जो आधीच थोडाफार शिकून आलेला असतो त्याचीच निवड होणार. म्हणजे नवख्यांचा म्हणून ओळखला जाणारा गट बरेचदा खऱ्या नवख्याला पारखाच राहतो. कंपनीला हवा असतो उद्याचा विजेता. शनिवारी-रविवारी शर्यत लावून सोमवारी कामावर जाणाऱ्या तिशीतल्या अभियंत्यात तिला फारसा रस असण्याचे कारण नाही आणि यात तिचा दोषही नाही.

अशा माणसासाठी दुसरे दार आहे ते खासगी स्पर्धकाचे. राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेत १६५ सीसी किंवा ३०१ ते ४०० सीसी क्षमतेच्या गटांत नवख्यांसाठी स्वतंत्र शर्यती ठेवण्याची पद्धत आहे. येथे मोटारसायकल स्वतःची, तिची तयारी स्वतःची आणि नुकसानही स्वतःचेच.

ब्रिटनमधील क्लब रेसिंगची रीत यासंदर्भात पाहण्याजोगी आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेला आणि ‘बेमसी’ या नावाने ओळखला जाणारा तेथील क्लब नवख्यांसाठी ‘रूकी’ गट चालवतो. तेथील नियामक संस्थेचे प्रशिक्षण पूर्ण केल्याखेरीज परवाना मिळत नाही आणि परवाना मिळाला तरी नवखा स्वार ठरावीक संख्येने शर्यती निर्विघ्न पुरी करीपर्यंत अंगावर नारिंगी बंडी घालूनच धावतो. मागून येणाऱ्याला ती बंडी दुरूनच दिसते आणि पुढचा स्वार अनपेक्षित काही करील, हे गृहीत धरूनच तो त्याला ओलांडतो. वेग कमी म्हणून तेथे कोणाला दाराबाहेर ठेवले जात नाही. किमान पात्रता गाठली की पुरे. आपल्याकडील व्यवस्था गुणवत्ता शोधणारी आहे, तर तिकडची व्यवस्था खेळाडू घडवणारी आणि त्याला खेळत ठेवणारी आहे. पहिल्या पद्धतीतून एखाद-दुसरा तारा निघतो. दुसऱ्या पद्धतीत शेकडो सामान्य स्वार असतात आणि त्यांच्या शुल्कावर, त्यांच्या कुटुंबीयांच्या स्वयंसेवेवर क्लब उभा राहतो. तारे त्यांच्यातूनही निघतातच.

कागद, चामडे आणि पाणी

पहिल्या शर्यतीपूर्वीची तयारी ऐकायला रुक्ष वाटते, पण त्यातील प्रत्येक गोष्टीमागे कोणाचा तरी अपघात आहे. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही देशातील नियामक संस्था स्पर्धेचा परवाना देते. त्यासाठी वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, रक्तगटाची नोंद आणि अल्पवयीन असल्यास पालकांची लेखी संमती लागते. बंदिस्त ट्रॅक हा सार्वजनिक रस्ता नसल्याने तेथे मोटार वाहन कायद्याखालील वाहन परवान्याचा प्रश्न येत नाही. १३-१४ वर्षांची मुले ट्रॅकवर दिसतात ती यामुळेच. बहुतेक निवड चाचण्यांत मान्यताप्राप्त प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही विचारले जाते. हे प्रशिक्षण देणाऱ्या संस्था बहुधा निवृत्त किंवा सक्रिय शर्यतपटूंनीच चालविलेल्या आहेत. चेन्नईचे रजनी कृष्णन यांची अकादमी हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेतील कीथ कोड यांच्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्गही इरुंगाट्टुकोट्टैला भरत आले आहेत.

या वर्गांत पहिल्या दिवशी जे शिकवले जाते, ते बहुतेक शिकाऊंना निराश करणारे असते. कारण वर्षानुवर्षे घाटात मोटारसायकल पळवणाऱ्याला आपल्याला सगळे येते असे वाटत असते. प्रत्यक्षात रस्त्यावरची सवय ट्रॅकवर अडथळाच ठरते. रस्त्यावर नजर पुढच्या चाकासमोरच्या खड्ड्यावर असते, तर ट्रॅकवर ती वळणाच्या पलीकडे टाकावी लागते. रस्त्यावर मागच्या ब्रेकवर विसंबणारा पाय येथे जवळजवळ रिकामा राहतो आणि सारा भार पुढच्या ब्रेकवर, उजव्या हाताच्या दोन बोटांवर येतो. वळणात शिरताना अंग आसनावरून आतल्या बाजूस उतरवायचे ते गुडघा घासून छायाचित्र काढून घेण्यासाठी नव्हे. मोटारसायकल कमी कलावी आणि टायरची पकड शिल्लक राहावी, म्हणून. थ्रॉटल एकदा उघडली की ती सावकाश पण अखंड उघडत न्यायची. मध्येच भीतीने मिटली की पुढच्या चाकावर भार येऊन तोल बिघडतो. हे सारे एका दिवसात समजते, पण अंगवळणी पडायला कित्येक महिने लागतात. मधल्या काळात स्वार पूर्वीपेक्षा संथ होतो. जे सोडून जातात ते बहुधा याच टप्प्यावर.

पोशाखाच्या बाबतीत तडजोड चालत नाही. एकसंध चामडी सूट, पूर्ण चेहरा झाकणारे मान्यताप्राप्त हेल्मेट, पाठीचा आणि छातीचा संरक्षक, मनगट झाकणारे हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट हे सगळे तपासणीत दाखवावे लागते. चांगल्या सूटची किंमत साध्या प्रवासी मोटारसायकलीच्या निम्म्याच्या घरात सहज जाते. त्यामुळे नवखे बहुधा वापरलेला सूट शोधतात. त्यात गैर काही नाही, फक्त शिवण उसवलेली नसावी आणि मापात ढिलाई नसावी. हेल्मेट मात्र कधीही वापरलेले घेऊ नये, कारण एकदा आपटलेल्या हेल्मेटच्या आतील थर दबलेला असतो आणि ते बाहेरून कळत नाही.

खासगी स्पर्धकाच्या मोटारसायकलीची तांत्रिक तपासणी हा स्वतंत्र अध्याय आहे. हेडलाइट, आरसे, इंडिकेटर, स्टँड काढून टाकायचे. तेलाचा नट आणि फिल्टर बारीक तारेने जखडायचा, म्हणजे कंपनांनी तो सुटणार नाही. रेडिएटरमधील कूलंट काढून साधे पाणी भरायचे. हा शेवटचा नियम ऐकून अनेकांना नवल वाटते. कूलंटमधील ग्लायकॉल डांबरावर सांडले तर ते तेलासारखे निसरडे होते आणि चटकन वाळतही नाही, पाणी मात्र वाळून जाते. एकाची गळती हा मागच्या पंधरा जणांचा अपघात असतो, हे ट्रॅकवरच्या शिस्तीचे सूत्र आहे. झेंड्यांची भाषाही याच सूत्रावर आधारलेली आहे. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओलांडू नये. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे पृष्ठभाग निसरडा. निळा म्हणजे मागून अधिक वेगवान स्वार येत आहे. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुझ्याच यंत्रात बिघाड आहे, बाजूला हो. आणि लाल म्हणजे शर्यत थांबली.

झेंडे दाखवणारे मार्शल बहुतांशी स्वयंसेवक असतात. या खेळात शिरण्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित दार हेच आहे, असे या प्रतिनिधीचे मत आहे. दोन-तीन शर्यतींचे शनिवार-रविवार एखाद्या वळणावर झेंडा घेऊन उभे राहिलेल्या माणसाला कोण कोठे ब्रेक लावतो, कोण कशामुळे पडतो आणि पडल्यावर काय होते, हे जेवढे कळते तेवढे कोणत्याही चित्रफितीतून कळणार नाही.

इतक्या खटाटोपानंतर येणारी नवख्यांची शर्यत असते सहसा पाच-सहा फेऱ्यांची. एका फेरीला दोन मिनिटांच्या आसपास धरली तर सारा मामला बारा-तेरा मिनिटांत संपतो.

तेरा वर्षांचा स्पर्धक

या बारा मिनिटांत किती धोका सामावलेला आहे, याची आठवण ५ ऑगस्ट २०२३ या दिवसाने करून दिली. राष्ट्रीय मालिकेतील नवख्यांच्या शर्यतीत सुरुवातीनंतर थोड्याच वेळात, पहिल्याच वळणावर पडून बंगळूरुच्या १३ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच हंगामात त्याने अनेक शर्यती जिंकल्या होत्या. त्याच्या गुणवत्तेविषयी कोणालाच शंका नव्हती. आयोजकांनी त्या आठवड्याच्या उरलेल्या शर्यती रद्द केल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत याच ट्रॅकवर मोटारींच्या शर्यतीत एका ५९ वर्षीय अनुभवी चालकाचा मृत्यू झाला होता. दोन टोकांच्या वयांची ही दोन माणसे पाहता, धोक्याचे खापर केवळ अननुभवावर फोडता येणार नाही.

लहान मुलांच्या प्रश्नाने जगालाही याआधी हादरवले आहे. २०२१ या एका वर्षात युरोपातील ट्रॅकवर १९, १४ आणि १५ वर्षांचे तीन स्वार दगावले. तिन्ही अपघातांत एक साम्य होते : दाट गटात धावताना पुढचा स्वार पडला आणि मागच्यांना वळायला जागा उरली नाही. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने जागतिक अजिंक्यपदासाठी किमान वय टप्प्याटप्प्याने १८ पर्यंत नेण्याचा आणि आशियाई टॅलेंट कपसारख्या मालिकांसाठी ते १४ करण्याचा निर्णय घेतला.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लहान इंजिनाची मोटारसायकल म्हणजे सुरक्षित शर्यत, असा पालकांचा समज असतो आणि काही अंशी आयोजकांचाही. पडण्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे, कारण कमी वेगात घसरलेला स्वार बहुधा उठून चालू लागतो. पण सारख्या आणि कमी ताकदीच्या मोटारसायकलींमध्ये कोणीच कोणाला मागे टाकून सुटू शकत नाही. पुढच्याच्या मागे वाऱ्याचा आडोसा मिळतो, त्यामुळे दहा-बारा स्वार एकमेकांना चिकटून वळणात शिरतात. मोठ्या मोटारसायकलींच्या शर्यतीत स्वार लवकर पांगतात; लहान मोटारसायकलींच्या शर्यतीत ते शेवटपर्यंत पांगत नाहीत. मागून येणाऱ्या चाकापासून वाचवील असा सूट वा असे हेल्मेट अद्याप निघालेले नाही. अंगातील फुगणारी हवेची पिशवी, जी मोटोजीपीत २०१८ पासून सक्तीची आहे, तीही एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडते. ‘वन मेक’ पद्धतीचे जे न्याय्य वैशिष्ट्य, म्हणजे सर्वांना समान यंत्र, तेच नवख्यांच्या गटात धोक्याचे मूळ ठरते. ही अडचण मान्य करून नवख्यांच्या शर्यतीत स्पर्धकांची संख्या कमी ठेवणे, सुरुवातीला त्यांना मोठ्या अंतराने उभे करणे किंवा पहिल्या काही फेऱ्या केवळ घड्याळाविरुद्ध घेणे, असे उपाय करता येण्याजोगे आहेत. त्यांना खर्च फारसा येत नाही. प्रेक्षणीयता मात्र कमी होते.

मग वय वाढवावे काय? याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. जागतिक पातळीवर पोहोचणारे स्वार सहा-सात वर्षांच्या वयात मिनीबाइकवर बसलेले असतात. भारतीय मूल तेराव्या वर्षी प्रथमच ट्रॅक पाहते आणि त्याच वर्षी शर्यतही लावते. किमान वयापेक्षाही ही मधली वर्षे नसणे, हा आपल्याकडचा खरा दोष आहे. कार्टिंगचे छोटे ट्रॅक पुणे, मुंबई, कोल्हापूर, बंगळूरु, हैदराबाद अशा अनेक शहरांत किंवा त्यांच्या आसपास आहेत. तेथे कमी वेगात, कमी गर्दीत, लहान यंत्रांवर दोन-तीन वर्षे घालविण्याची सोय झाली, तर इरुंगाट्टुकोट्टैच्या पहिल्या वळणावर येणारा मुलगा खरोखर नवखा राहणार नाही.

विम्याचा मुद्दा सहसा कोणी काढत नाही. आपण वाहनासाठी घेतो त्या सर्वसाधारण पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या सदराखाली संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. म्हणजे ट्रॅकवर मोडलेल्या मोटारसायकलीचा एक पैसाही मिळत नाही. आरोग्य विम्यातही साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या इजेचा उपचार वगळण्याचे प्रमाणित कलम आहे आणि त्यात मोटर रेसिंगचा उल्लेख नावानिशी आहे. हौशी स्पर्धक ‘व्यावसायिक’ नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण प्रायोजकाचे नाव सूटवर असलेल्या, बक्षिसाची रक्कम घेतलेल्या हौशीचे काय, हा वाद रुग्णालयाच्या बिलासमोर उभे राहून घालण्याजोगा नाही. प्रवेश अर्जावर सही करण्यापूर्वी आयोजकांनी कोणते विमा संरक्षण घेतले आहे आणि त्याची रक्कम किती, हे लेखी विचारून घेणे हा स्पर्धकाचा हक्क आहे. नवखे सूटचा रंग चार दुकानांत पाहतात, हा कागद मात्र न वाचताच सही करतात.

या खर्चाच्या आणि धोक्याच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, हेही पाहिले पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती. यातील शर्यती किती, याची नोंद त्या आकड्यांत नाही. परंतु रविवारी सकाळी लोणावळा, माळशेज वा आंबोलीच्या घाटात जाऊन पाहणाऱ्यास वेगळा पुरावा लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद वा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी वाढविण्यात आली. पोलीस अधूनमधून मोहीम काढतात, सायलेन्सर जप्त करतात, रोडरोलरखाली चिरडतात आणि त्याची छायाचित्रेही प्रसिद्ध होतात. पुढच्या रविवारी घाटात पुन्हा तीच गर्दी असते. ‘ट्रॅकवर जा’ असे या मुलांना सांगणे योग्यच आहे. पण ते सांगणाऱ्याने ट्रॅक कोणत्या राज्यात आहे तेही सांगायला हवे.

महाराष्ट्रातील तरुणासाठी म्हणूनच डांबराऐवजी मातीचा रस्ता अधिक जवळचा राहिला आहे. पुणे आणि नाशिकला मोटोक्रॉस-सुपरक्रॉसची जुनी परंपरा आहे. मैदानावर मातीचे उंचवटे रचून हा ट्रॅक काही दिवसांत उभा राहतो आणि तितक्याच लवकर हटवताही येतो. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यातच झाली. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील ड्रॅग शर्यती होत आल्या आहेत. मातीतून वर आलेल्यांची नावेही लहान नाहीत. मोटोक्रॉसमधून पुढे आलेले सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. हरित नोआ यांनी २०२४ च्या डकारमध्ये आपल्या उपगटात विजय मिळविला. ट्रॅक आणि रॅली अशा दोन्ही अंगांनी घडलेल्या ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ मध्ये बाहा शर्यतींच्या विश्वचषकात महिला गटाचे विजेतेपद मिळविले. मोटर क्रीडेत जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ही तिन्ही नावे दक्षिणेची आहेत, हे आता वेगळे सांगायला नको.

पश्चिम भारतात पूर्ण लांबीचा ट्रॅक खासगी भांडवलातून उभा राहील का, हे जमिनीच्या भावांवर अवलंबून आहे आणि ते भाव पाहता फार आशा बाळगण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा व्यवहार्य मागणी दुसरी आहे. चाकण-तळेगाव, औरंगाबाद उर्फ छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक या पट्ट्यात वाहन उद्योगाचे जाळे मोठे आहे. वाहनांच्या चाचणीसाठी तेथे बांधलेल्या मार्गांपैकी काही, तसेच विनावापर पडून असलेल्या छोट्या धावपट्ट्या वर्षातून काही दिवस क्लबांना भाड्याने मिळाव्यात. सोबत रुग्णवाहिका, डॉक्टर आणि प्रशिक्षित मार्शल असल्याशिवाय परवानगी मिळू नये. षोळवरमला अशा उधारीच्या धावपट्टीवरच हा खेळ वाढला होता.

तोपर्यंत पुण्या-नाशिकच्या इच्छुकाला हिशेब स्वतःच मांडावा लागेल. पहिल्या वर्षी एक प्रशिक्षण वर्ग, दोन सरावाचे दिवस आणि एखाद्या शर्यतीत मार्शल म्हणून हजेरी एवढेच केले आणि शर्यत दुसऱ्या वर्षावर ढकलली, तर पैशाची आणि हाडांची दोन्हींची बचत होते. निवड चाचणीत नाव आले नाही म्हणून कर्ज काढून मोटारसायकल तयार करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हंगामाच्या तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांतील अनेक मोटारसायकली विक्रीला निघतात. एखादा नवखा स्वार अशाच विक्रीतून स्वस्तात, तार जखडलेली, पाणी भरलेली, शर्यतीस तयार मोटारसायकल मिळवतो आणि टेम्पो ठरवून दक्षिणेकडे निघतो.